विमानात टाकायचा टॉवेल

बेबीनंदा,

मी पहिल्या एसटीनं औरंगाबादला पुढं निघालो. तू आईला घेऊन नऊच्या गाडीनं ये. दुपारी दिल्लीचं विमान लागलं की खिडकीतून टॉवेल टाकून तुझी जागा धरतो, म्हणून तुझा निळा टॉवेल नेलाय. तिकीट उलटसुलट करून बघितलं, त्याच्यावर सीटचा नंबरच न्हाई. परत पेटीत ठेवलंय.

कोणती जागा धरावी, हे मात्र अजून ठरंना. मच्छिंद्र ट्रक चालवतो, तो म्हणला पुढं बसवा, दणके कमी लागतात. हेडमास्तर म्हणले पंखावर बसवा, तिथं हालत न्हाई. मंग खिडकीतून तुला नुसता पंखच दिसंल का? तुझी आई म्हणती, खिडकीच नको, तुला गरगरतं. दाराजवळ बसवावं तर उतरायला बरं, पण मधीच दार उघडलं तर काय, हे कोणाला सांगता येईना.

तुझा दिल्लीच्या नोकरीचा कागद आल्यापासून मी नीट बोललो न्हाई, ते मनावर घेऊ नको. डोक्यात हे जागेचंच चालू होतं.

डब्यात धपाटे हायेत, खाऊन निघा.

आन् गर्दीत जागा न्हाईच भेटली तर वाईट वाटून घेऊ नको. संध्याकाळी परत आपल्या टेंभुर्णीची गाडी असती. त्या गाडीत टाकायला माझा टॉवेल बी सोबत घेतलाय. तिघांच्या बाकाला बराबर पुरतो.

जयभीम.
अण्णा