मागच्या दिव्याजवळचे माणूस

भागूजी लक्ष्मण साळवे,

आपले नाव असे पूर्ण लिहिण्याचे कारण एवढेच, की गेल्या मंगळवारी ते मी शेवटचे पाहिले. गाडीच्या दारावर, ‘मालक व चालक’ या शब्दांखाली, फिकट पिवळ्या रंगात. आपण गेल्याला तेवीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी आपल्याला एकही पत्र लिहिले नाही, आणि हेही पोचणार नाही याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु घडले ते जिला सांगितले असते ती आता घरात नाही. आपली सून, माझी पत्नी, गेल्या भाद्रपदात वारली.

हडपसरची ट्रक ठेवायची भाड्याची शेड तिच्या मालकांना पाडायची आहे, म्हणून मंगळवारी संध्याकाळपर्यंत ती रिकामी करून देण्याचे मी कबूल केले होते. आपला ट्रक घ्यायला धायरीचे एक नर्सरीवाले तयार झाले. रोपे वाहायला तो त्यांना पुरेसा आहे. त्यांची अट साधी होती. “काका, चारला ड्रायव्हर घेऊन येतो. दिवे-बिवे सगळे चालू असतील तर उद्याच पासिंगला लावतो. नसतील तर मला जमायचं नाही. भंगारवाला ओळखीचा आहे, त्याचा नंबर देतो.” त्यांच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हते. सकाळी मी शेडमध्ये जाऊन एकेक दिवा तपासला. पुढचे लागले, इंडिकेटर लागले, मागचे साधे दिवेही लागले. ब्रेकचा दिवा मात्र लागेना. गाडी नर्सरीत जाणार की भंगारात, हे आता त्या दिव्यावर होते.

ब्रेकचा दिवा चालकाला स्वतः दिसत नाही, हे आपण मला पाचवीत असताना शिकवलेत. विश्रांतवाडीच्या घरासमोर गाडी उभी असे, आपण पेडल दाबत असा आणि मी मागे उभा राहून ओरडत असे, “पेटला!” एके दिवशी माझ्या हातात इतिहासाचे पुस्तक होते. मी ‘पेटला’ म्हणालो आणि धडा वाचू लागलो. दिवा रात्रभर तसाच पेटत राहिला, सकाळी बॅटरी उतरलेली होती आणि भाजीची खेप चुकली. आपण हात उगारला नाहीत. मला गाडीच्या मागे नेऊन उभे केलेत आणि म्हणालात, “पेटला ते सांगितलंस, विझला का न्हाई ते कोन सांगनार? मागनं येनाऱ्याला तेवढ्यावरच कळतं आपन थांबतोय का चाललोय. दोन्ही सांगितल्याबिगर मागचा मानूस जागा सोडत न्हाई.” त्या दिवसापासून आपल्या घरात तो नियम झाला.

माझ्या लग्नानंतर ती जागा आपल्या सुनेने घेतली. आपण गेल्यावर ट्रक विकावा असे तिचे मत होते. ती त्याला ‘माझी लोखंडी सवत’ म्हणत असे. तरीही दर रविवारी माझ्यासोबत शेडमध्ये येई आणि पदर खोचून मागे उभी राही. “पेटला. विझला. पेटला. विझला. अहो, झालं असेल तर चहा घेऊ, का सवतीला अजून काही विचारायचंय?” शेवटच्या वर्षी तिला उभे राहवत नव्हते, तेव्हा ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत असे. ती गेल्यावर मी रविवारीच नव्हे, रोजच शेडमध्ये जाऊ लागलो. घरात बसवत नव्हते. शेडमध्ये जाऊन मी केबिनमध्ये बसत असे, काचा वर करून, दुपारपर्यंत. गाडी सुरूही करत नसे. मुलगी बेंगळुरूहून फोन करी, “बाबा, बाहेर पडा त्या शेडमधून.” मी तिला ‘बरे’ म्हणत असे.

मी बी.एस्सी. झालो तेव्हा मला घड्याळाची अपेक्षा होती, आणि आपण दिलात टेस्ट लॅम्प: वायरीत वीज येते का ते पाहण्यासाठी एक होल्डर, एक बल्ब, दोन वायरी. त्या वेळी मला त्याचे दुःख झाले होते. मंगळवारी तोच काढला. मागचे बल्ब शाबूत होते, फ्यूज शाबूत होता. पेडलच्या वर बसवलेल्या ब्रेक स्विचच्या एका वायरीत वीज येत होती, पेडल दाबूनही दुसरीत मात्र जात नव्हती. दोन्ही वायरींना तारेचा तुकडा जोडला, खाली उतरलो, मागे गेलो. दोन्ही दिवे लालभडक. म्हणजे स्विचच निकामी. पेडल दाबले की स्विचचा दट्ट्या बाहेर येतो आणि दिवा लागतो; जुना सोडवून पाहिला तर त्याचा दट्ट्या गंजून आत अडकला होता. पेडलने कधीच सोडले होते, पण याला बाहेर येता येत नव्हते. बाजारातून नवा आणला आणि तो बसवण्यासाठी सीटपुढच्या जागेत उताणा शिरलो. डोके पेडलखाली, पाय दाराबाहेर. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी असे करू नये.

स्विच बसतो. वायरी जोडल्या जातात. नट आवळताना मी जोर लावतो आणि कमरेत उसण भरते. मला उठता येत नाही, कूस बदलता येत नाही. स्टिअरिंगचा दांडा छातीवर आहे. मोबाइल सीटवर आहे, हात पोचत नाही. शेजारी पिठाची गिरणी चालू आहे, जोराने हाक मारली तर ऐकू जाईल. मी तोंड उघडतो आणि माझ्या लक्षात येते, की हाक कोणती मारायची हेच मला ठाऊक नाही. आयुष्यभर मी मोठ्याने एकच हाक मारली आहे: “अगं, ऐकतेस का?” ती इथे मारता येत नाही. ‘वाचवा’ असे ओरडणे मला शक्य नाही. पेडलच्या तळव्यावरचे रबर आपल्या पायाने एका बाजूला झिजले आहे, ते पाहत पडून राहतो. चार वाजतील, नर्सरीवाले येतील आणि मला या स्थितीत पाहतील. मनात येते, पाहू देत. त्याहूनही वाईट विचार येतो, की इथेच राहिलो तरी चालेल.

गिरणी थांबली. गिरणीवाल्या बाईंचा आवाज मागून आला. “अहो साहेब, अर्धा तास झाला ब्रेक दाबून बसलाय. उभ्या गाडीला एवढं काय थांबवताय?” मग त्यांना पाय दिसले. “अगंबाई! जिवंत आहात ना?”

“आहे,” मी म्हणालो. “कंबर धरली आहे.”

“मग तोंडालाही उसण भरली होती का? हाक मारायची की!”

त्यांनी माझ्या काखेत हात घातला आणि धान्याचे पोते ओढावे तसे मला बाहेर ओढले. माझ्या सदऱ्यावर पिठाचे दोन पंजे उमटले.

दिवा पेटलेलाच होता. स्विच दोन आटे बाहेर राहिला होता, त्यामुळे पेडल सुटले तरी दट्ट्या दाबला जात नव्हता. एवढी साधी गोष्ट मी तपासली नाही याचे कारण मला नंतर कळले. इतकी वर्षे ‘विझला’ हे पाहणे माझ्या कामात नव्हतेच. ते काम तिचे होते. आणि तो दिवा विझला नाही, म्हणूनच बाईंनी इकडे वळून पाहिले.

पायरीवर उभे राहून, हात आत घालून मी स्विच दोन आटे आत घेतला. मग सीटवर बसलो आणि त्यांना मागे उभे राहण्याची विनंती केली. “पेटला की तसे सांगा, आणि विझला की तेही सांगा.”

“कळतं हो मला. गिरणी काय मंत्रांनी चालवते होय?”

मी पेडल दाबले. “पेटला!” सोडले. “विझला!” दोन वेळा पुरे असते. मी नऊ वेळा दाबले. नवव्यांदा त्या म्हणाल्या, “साहेब, दिवा चांगला आहे. आता उतरा खाली.” त्यांचा स्वर मऊ होता. मी उतरलो.

नर्सरीवाले चारला आले, स्वतः मागे उभे राहून दिवे पाहिले आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. फाटकाशी ट्रक थांबला तेव्हा दोन्ही दिवे लागले, आणि रस्त्याला वळताना विझले. दुसऱ्या दिवशी पासिंग झाल्याचा निरोप आला.

मुलीला मी फोनवर सांगितले, की सारे काम मी एकट्याने केले, कोणाची मदत लागली नाही. ते खरे नाही. तिला अजून खरे सांगितलेले नाही. आपल्याला सांगितले.

शेड झाडून घेतली. दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या मालकांना परत केल्या.