दोन्हीकडचा पाहुणा

वलवण, शुक्रवार

तीर्थरूप आबा,

जावई कैलासचा दंडवत. गुडघा कसा आहे? म्हैस व्यायली का? पत्र पाहून दचकू नका. फोन तुम्ही माझा आवाज ऐकताच कापता, आणि मोतीबिंदू काढला तरी बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तुम्हाला सगळं स्नेहलच वाचून दाखवते, म्हणजे एका तिकिटात दोघांशी बोलणं होतं. (स्नेहल, मधलं गाळायचं नाही.)

कारण असं, की तुमच्या गावच्या कुणी कानावर घालण्याआधी मीच सांगितलेलं बरं. मागच्या महिन्यात लोणावळ्यात परक्यांच्या लग्नाच्या बैठकीत मी तुमचं नाव घेतलं. हेतू चांगला होता, जागा चुकली.

मुळापासून सांगतो. स्नेहल तिकडे माहेरी आली त्याला तीन महिने झाले. बंगल्याच्या केअरटेकरची नोकरी तशी वाईट नाही, वाईट असतो तो सोमवार. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की टेबलावर अर्ध्या अर्ध्या बाटल्या उरतात. ताटात टाकू नये ही आईची शिकवण मी नको तिथे पाळली. (पहिला पेला मात्र बंगल्यातला नव्हता, पण तो विषय नंतर.) एकदा रात्री स्नेहलचा फोन आला, मी बराच वेळ बोललो, आणि सकाळी काय बोललो ते एक अक्षर आठवेना. तिला विचारायची हिंमतही होईना. त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आबा.

शेजारच्या बंगल्याचा माळी सत्यम याने मोबाईलवर शोधून दिलं. दारू सोडणाऱ्यांचा गट, दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, बाजारामागच्या समाजमंदिरात. तो म्हणाला, "लय सोपं हाय. खुर्च्या गोल मांडल्याल्या असत्यात. नाव-गाव कुनी इचारत न्हाई. उभं ऱ्हायचं आन् मनातलं सांगायचं."

गेलो. दाराला पाटी नव्हती (असेल कशी?). आत खुर्च्या गोल, माणसं गंभीर, कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. म्हटलं, हेच. बसलो, तर हातात पोह्यांची बशी आली. आबा, तिथे मुलामुलीची बोलणी चालली होती! मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा, आणि अशा बैठकीत समोरच्याच्या माणसाला 'तुम्ही कोण' म्हणणं म्हणजे अपमान. त्यामुळे दोन्हीकडून नुसता आग्रह. मुलीच्या आत्याने तर लिंबू पिळून दुसऱ्यांदा वाढलं. (सासुरवाडीतही इतकी सरबराई झाली नाही, हे सहज लिहिलं.) मग मध्यस्थ होते ते चिंतामणी सर, शाळेतून निवृत्त झालेले, म्हणाले, आता ओळखी करून घेऊ. नाव-गाव सांगायचं नाही हे सत्यमने बजावलं होतं. पण आपल्याकडे ओळख म्हटली की गाव, घर आणि सोयरे एका दमात बाहेर पडतात. उभा राहिलो आणि म्हणालो, "मी औंढ्याचा कैलास, सुदुंबऱ्याच्या अंबाजी आबांचा जावई. चार वर्सं रोज पितो. बायकू म्हायेरी गेली. आता सोडायची हाय."

मुलाचे वडील नेमके सुदुंबऱ्याचे निघाले. ते घाबरून मुलीकडच्यांना सांगू लागले, "ह्यो आमचा न्हाई, आईशप्पत!" मुलीकडचेही तीच शपथ घेऊ लागले. जन्मात मला एवढ्या लोकांनी एकदम नाकारलं नव्हतं. बाहेर येऊन चपला शोधत होतो, तर मागोमाग चिंतामणी सर आले. वाटलं, आता कानाखाली बसते. ते हळूच म्हणाले, "गट वरच्या मजल्यावर आहे. चला, मलाही तिथेच जायचंय. मला अकरा वर्षं झाली." मी जिन्यातच रडलो. बशी अजून हातातच होती.

वर सात-आठ माणसं होती. कुणी उपदेश केला नाही, कुणी हसलं नाही. आजचा दिवस काढा, उद्याचं उद्या बघू, एवढंच म्हणाले. काल सहावा गुरुवार झाला. आज छत्तिसावा दिवस, थेंब नाही. सोमवारी सत्यमच्या देखत बाटल्या मोरीत ओततो, तोंड फिरवून. अवघड जातं, खोटं कशाला लिहू. स्नेहलला पाठवा, असं म्हणत नाही. ते तिचं तिने ठरवावं.

आपला,
कैलास

ता. क. ते लग्न जमलं. आत्याबाई मला अजून मुलाकडचाच समजतात. त्यांचं म्हणणं, असला पाहुणा जे लपवत नाहीत, ते दुसरं काय लपवणार! मला दोन्हीकडून पत्रिका आली आहे.

आणखी एक ता. क. स्नेहल, इथून पुढे मोठ्याने वाचू नकोस. कागद आबांच्या हातात दे, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आबा, लग्नानंतरच्या पहिल्या आखाडाला तुम्ही मला जेवणाआधी गोठ्यामागे नेलंत आणि पहिला पेला हातात दिलात. मायेने दिलात, माझी तक्रार नाही. पण स्नेहल माझ्या तोंडाच्या वासाला कंटाळून माहेरी आली, आणि तिथे रोज संध्याकाळी तुमच्यासमोर त्याच वासात जेवायला बसते. तिने जावं कुठं? येत्या गुरुवारी तीन वाजता मी मोटरसायकल घेऊन दारात येतो. त्या दिवशी, कुठं चाललोय, असं मी तुम्हाला विचारलं नव्हतं. या वेळी तुम्ही विचारू नका. मागे बसा.