पायावरचं न्हाणं

आई, तू गेलीस तेव्हा मी धडधाकट होते, त्यामुळे आधी माझं दुखणं सांगते, म्हणजे पुढचं तुला कळेल. लेक कॉलेजात असताना मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, औषधं, केस जाणं, सगळं झालं आणि निभावलं. बऱ्याच वर्षांनी उजवी मांडी दुखायला लागली. आम्ही म्हटलं, वात असेल. आपल्याकडे कमरेखाली काहीही दुखलं की तो वातच असतो. निघाला तोच जुना आजार, मांडीच्या हाडात उतरलेला. हाड मोडायच्या आत डॉक्टरांनी त्यात सळई घातली, किरणांचे शेक दिले, आणि तेव्हापासून तो गप्प आहे. मुळासकट जायचा नाही हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. नवा कुणी डॉक्टर माझ्या फाईलमधला पूर्वीचा आजार वाचतो आणि वर बघतो, ही अजून चालते कशी, अशा नजरेनं. मी चालते. रोज संध्याकाळी मांडवीला समुद्रावर जाऊन येते, येताना हुज्जत घालून मासळीही आणते.

यंदा लेकीला दिवस गेले. विहीणबाई सावर्ड्याहून मुद्दाम आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पायाचं हे असं. बाळंतपण आमच्याकडेच करू, न्हाऊ घालायला बाई बघून ठेवलीय." मनानं चांगल्या आहेत, पण मला ते फार लागलं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होऊ नये आणि नातवंडानं माझ्या पायावर न्हाऊ नये, तर मग मी वाचले कशाला, असंच वाटलं मला. तोंडानं मात्र चहा घ्या म्हटलं.

मला आपली न्हाणी आठवत राहिली. तू पाटावर बसली आहेस, पाय लांब केलेले, त्यावर माझी महिन्याची लेक पालथी. खोबरेल तेल, कढत पाणी, आणि तुझा तो दांडगा हात. मी दारातून ओरडते, "आई, हळू, हाडं मोडशील तिची." तू मान वर न करता म्हणतेस, "गप बस गो. आता चोळली नाहीत तर पुढं साथ देतील काय ती?" मलाही तू असंच चोळलं असणार. माझ्या बाबतीत तुझा अंदाज जरा चुकला, पण माझा काही राग नाही.

मग मी डॉक्टरांना विचारायला गेले. ते तरुण, बिनलग्नाचे. "बाळाला मांडीवर घ्या की," म्हणाले. मांडीवर नव्हे, पायावर, असं म्हणून मी त्यांच्या तपासायच्या खाटेवर पाय पसरून बसले आणि उशीला न्हाऊ घालून दाखवलं. ते हसले, मग बराच वेळ एक्स-रे बघत राहिले. शेवटी म्हणाले, पाट नको, बुटकं स्टूल घ्या, पाठीला भिंत हवी, आणि बाळाला पायावर ठेवायचं नि उचलायचं काम दुसऱ्यानं करायचं. मी सगळं कबूल केलं.

श्रावणभर मी सराव केला. वाडीतलं एक जून तवसं घेतलं, चांगलं तीन किलोचं. काकडी असली तरी अंगानं बाळासारखंच. त्याला तेल लावून पायावर ठेवलं नि पाणी घालत होते, तेवढ्यात शेजारची सून मागच्या दारानं आत आली. "काकी, तवशाला न्हाऊ घालताव?" म्हटलं, हो, आणि रडत पण नाही बघ. तिनं ते गावभर केलं. विहीणबाईंच्याही कानावर गेलं असावं, कारण पुढे त्यांनी सावर्ड्याचा विषय काढला नाही.

नात झाली. बाराव्या दिवशी लेकीनं तिला माझ्या पायावर ठेवलं. पाय हलला नाही. पोर आधी किंचाळली, मग पाठीवर पाणी पडल्यावर गप्प झाली. मी चोळलं, तुझ्याइतकं जोरात नाही, पण चोळलं. पंचात गुंडाळलं, तर ती पायावरच झोपली. लेक उचलायला वाकली. मी म्हटलं, थांब, पाय अवघडलाय, जरा वेळ हलवू नको. तिचा चेहरा उतरला. "डॉक्टरांना फोन करू?" म्हणाली. नको, होईल बरा, म्हटलं. ती समोर माझ्या मांडीकडे बघत उभी राहिली, मी नातीकडे बघत बसले.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, लेकीला तर नाहीच. कारण आई, पाय मुळीच अवघडला नव्हता. आणि काल मी परत तेच सांगितलं.