पंधरावे निमंत्रण

जुना जालना,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. मालन आत्यास,
प्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र पोहोचले, आणि त्यासोबत माझे मागचे पत्र लाल शाईच्या अकरा खुणांसह परत आले, तेही मिळाले. विद्यापीठात मराठीत पहिली आलेल्या भाचीला एवढे तरी गुण द्यायचे होते. बाबा म्हणतात की शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, पण आमच्या बहिणीची लाल दौत काही आटत नाही.

आज एक सल्ला हवा आहे. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

दादाला जाऊन चौदा महिने झाले, तरी आई त्याचा फोन रोज सकाळी चार्जिंगला लावते. बाबांनी तो दोनदा बंद करून कपाटात ठेवला. दोन्ही वेळा दुपारपर्यंत तो पुन्हा खिडकीत होता. गेल्या मंगळवारी तो वाजला.

त्याचे कारण दादाचा रविवारचा छंद. नकाशावर ज्या मनोरंजन उद्यानांना लोकांनी एक-दोनच तारे देऊन नावे ठेवलेली असत, तिथे जाऊन ती टीका रास्त आहे का, हे आम्ही पाहत असू. दादा गाडीवर पुढे, मी वही घेऊन मागे. त्याचे नियम कडक होते. प्रत्येक पाळण्यात एकदा बसायचे, तिथलेच खायचे, संडास पाहायचा, आणि तिथे राबणाऱ्या एका तरी माणसाशी बोलायचे, त्यानंतरच तारे. एका ठिकाणी पाणी गढूळ असल्याचा बोभाटा होता. आम्ही गेलो तर पाणी स्वच्छ, टाकीचा तळच तांबडा रंगवलेला. दादाने चार तारे दिले. दुसरीकडे डायनासोरची मान मोडून ती दोरीने लिंबाला बांधलेली होती. टीका खरी ठरली, पण भेळेपायी एक तारा वाढला. आणखी एका ठिकाणी पाळणेवाल्याने दादाला तासभर आपल्या मुलीच्या दहावीची काळजी सांगितली. अशी सहा उद्याने झाली. मजकूर मी तयार करी आणि दादा तो स्वतःच्या नावाने टाकी, कारण माझे नाव चारचौघांत यावे, या कल्पनेनेच मला घाम फुटतो.

सातवे उद्यान मंठ्याच्या रस्त्यावरचे ‘स्वप्नझुला’. त्याला दादाच्या नावाने एकच तारा दिलेला आहे. त्याखाली मालकाने मंगळवारी पुन्हा लिहिले: आदरणीय राजानंद साहेब, भूतबंगल्याची दारे नवी बसवली. रहाटपाळण्याला रंग दिला. आपण एकदा येऊन काय कमी आहे ते तोंडावर सांगावे. वाट पाहतो. आपला, अप्पाराव.

आत्या, हे त्यांचे पंधरावे निमंत्रण आहे.

आपल्या घरात भुताखेतांना थारा नाही, आणि बाबांसमोर तो शब्दही काढता येत नाही. पण फोन वाजला की आई आधी दाराकडे पाहते, मग फोनकडे. ते मला बघवत नाही. उत्तर द्यावे, की फोन कायमचा बंद करावा?

उत्तराची वाट पाहणारी,
तुमची भाची,
प्रिया

---

कुंभार पिंपळगाव,
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. प्रियास,
मालन आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

या खेपेला तीनच चुका. सुधारणा हाय. माझ्या पत्रात तू चुका काढू नको. मी पेन्शनर बाई, जसं बोलते तसं लिहिते. शुद्ध लिहायची नोकरी होती ती संपली.

जेवतेस का बराबर? तुझी आई सांगत होती की ताट समोर ठेवून पुस्तक वाचत बसतेस अन् भाकर वाळून जाते. वाळलेली भाकर खाऊन पहिला नंबर टिकत नसतो.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तांबडी टाकी लिहिलीस, मोडकी मान लिहिलीस, भेळ लिहिलीस, कोण्या पोरीची दहावी लिहिलीस. त्या सातव्या बागेचं काय? ना पाळणा, ना भेळ, ना माणूस. प्रिया, एकतीस वर्षं मी पोरांचे सहलीचे निबंध तपासले. जे लेकरू घरच्या अडचणीनं सहलीला गेलेलं नसायचं, त्याचा निबंध समद्यांत सुंदर असायचा, पण त्यात जेवण नसायचं. मी त्याला कधी नापास केलं न्हाई, पण ओळखलं जल्दी.

तू मला काय सांगायचं ठेवलंस?

दुखलं तर दुखू दे, पण लिही.
तुझी,
मालन आत्या

---

जुना जालना,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

ती. मालन आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही ओळखलेत. आम्ही स्वप्नझुल्याच्या आत गेलोच नाही.

तो गेल्या वर्षीचा ऑगस्टमधला शेवटचा रविवार होता. फाटकापाशी पोहोचलो तेव्हा दादाचे अंग तापलेले होते. समोरच्या टपरीवर त्याने चहाबरोबर गोळी घेतली आणि आज राहू दे, पुढच्या रविवारी येऊ, असे म्हणाला. पण मी आदल्या दिवशीच, लोकांचे अभिप्राय वाचून, वहीत एक वाक्य तयार करून ठेवले होते. ते मला फार आवडले होते. मी त्याला ते वाचून दाखवले: येथील भूतबंगल्यात भीती वाटत नाही, वाटते ती भुतांची कीव.

दादा इतका हसला की त्याच्या शर्टावर चहा सांडला. मी म्हणाले, टाकून दे. तो म्हणाला की आपण पाहिलं न्हाई, प्रिया. मी म्हणाले, तेवीस जणांनी पाहिले आहे, ते सगळे खोटे बोलतील का? त्याने माझ्याकडे पाहिले, पुन्हा हसला, आणि एक तारा देऊन माझे वाक्य टाकले. स्वतःचा नियम त्याने एकदाच मोडला, तो माझ्या एका वाक्यासाठी.

दहाव्या दिवशी तो गेला. डेंग्यू होता, हे तुम्हांला माहीत आहे. त्याने लिहिलेले त्यानंतरचे काहीही नाही. आत्या, माझी अडचण एवढीच आहे. ते पुसले तर त्याचे शेवटचे हसणे माझ्या हाताने पुसले जाईल. ठेवले तर न पाहता निकाल देणारा माणूस म्हणून त्याचे नाव तिथे राहील, आणि तसा तो नव्हता. अप्पाराव त्याला बोलावत राहतील आणि आई दाराकडे पाहत राहील.

रात्री नव्हे, भर दुपारी वाचत बसले असतानाही मला टपरीवरचा बाक दिसतो.

रागावू नका, असे म्हणवत नाही.
तुमची,
प्रिया

---

कुंभार पिंपळगाव,
दि. २२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियास,
अनेक आशीर्वाद.

रागावले न्हाई. रडले मात्र. राजाचा तो चहा सांडलेला शर्ट मी तुमच्याकडं दवाखान्यातून आल्यावर धुतल्ता; डाग कशाचा ते आज कळलं.

ठेवायचं का पुसायचं, ते मंग बघू. निकाल आधी अन् परीक्षा नंतर, असं माझ्या वर्गात चालत नव्हतं. आधी जा. समदे नियम पाळ. पाळण्यात बस, तिथलं खा, संडास बघ, माणसाशी बोल. तुझ्या आईला घेऊन जा. एकटी गेलीस तर फाटकावरूनच लाजून माघारी येशील, मी ओळखते तुला.

अन् येताना काय खाल्लं ते सविस्तर लिही!

माया हायेच, ती मागायची गरज न्हाई.
तुझी,
मालन आत्या

---

जुना जालना,
दि. २ डिसेंबर २०२५

ती. मालन आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

परवा रविवारी मी आणि आई स्वप्नझुल्याला जाऊन आलो. दादाला ते पाहायचे राहिले होते, एवढेच मी आईला सांगितले होते. तिने त्याचा फोन रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला आणि एस. टी.त खिडकीजवळ बसली.

नियमाप्रमाणे लिहिते. रहाटपाळणा डिझेलच्या इंजिनावर चालतो. वर गेल्यावर कापसाची शेते दिसतात, पण धुराने मळमळते. भेळेतले मुरमुरे सादळलेले होते. संडासाच्या दाराला कडी नाही, त्यामुळे आत असेपर्यंत मोठ्याने गुणगुणावे लागते. आईने गुणगुणले, मला ते जमले नाही, म्हणून ती बाहेर राखण उभी राहिली. लोकांनी केलेली टीका बहुतेक खरी आहे, आत्या.

मग भूतबंगला. काळ्या रंगाच्या प्लायवूडचा तो एक लांब, वळणावळणाचा बोळ आहे. पहिल्या वळणावर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई कोपऱ्यातून उठली. दुसऱ्या वळणावर मोकळ्या केसांची दुसरी वरून झुकली. तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी मागून आईचा पदर ओढला. आणि या तिन्ही जागांच्या मधल्या काळोखात, प्लायवूडच्या पलीकडून, अनवाणी पावले आमच्या पुढे पुढे धावत होती. त्या पावलांबरोबर धापांचा आवाज येत होता. मी आईचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उमटला.

बाहेर आलो तेव्हा पांढऱ्या लुगड्यातली ती बाई मागच्या दाराशी पाणी पीत बसली होती. तिचे नाव द्वारकाबाई. ती एकटीच होती. पूर्वी आम्ही चौघी भुतं होतो, असे तिने सांगितले. गिऱ्हाईक कमी झाले तशा तिघी कापूस वेचायला गेल्या, आता समद्या जागी मलाच पळावं लागतं. मग तिने आईला विचारले, भ्या वाटलं का बाई, खरं सांगा. आई म्हणाली, लई. द्वारकाबाई एवढी आनंदली की तिने आम्हांला आपल्या तांब्यातले पाणी दिले.

तिकिटाच्या खिडकीवर एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेला होता. त्यावर माझे वाक्य होते. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी अप्पाराव ते द्वारकाबाईंना वाचून दाखवतात, सुधारणा व्हावी म्हणून. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ते मला पाठ म्हणून दाखवले. एकही शब्द चुकला नाही.

इतक्यात अप्पाराव आले. साठीचे, हातात पाना, सदऱ्याला वंगण. तुम्ही कुठल्या, असे त्यांनी विचारले, आणि आईने सांगितले की मी राजानंदची आई. आत्या, त्या माणसाचा चेहरा कसा उजळला, ते मी लिहू शकत नाही. त्यांनी आमच्या मागे, फाटकाकडे पाहिले. साहेब गाडी लावायला थांबले का, असे विचारले. त्यांनी खुर्चीही पुसायला घेतली.

आईने सांगितले.

अप्पाराव त्याच खुर्चीवर बसले. मग उठले आणि आईपुढे हात जोडले. पंधरा बार बोलावलं मी त्यान्ला, मला काय ठावं, माफ करा बाई, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. वाक्य माझे होते, माफी ते मागत होते, आणि मी वही छातीशी धरून उभी होते.

परतताना एस. टी.त मी आईला सगळे सांगितले. जालना येईपर्यंत ती रुमालातला फोन मांडीवर धरून बसली. उतरताना एवढेच म्हणाली की त्याच्या नावावर खोटं नको ठेवू.

आता मी अप्पारावांना सविस्तर पत्र लिहिणार आहे. मसुदा तयार आहे. तुम्ही तपासून द्याल का?

तुमच्या लोभाला पात्र आहे की नाही, याची खात्री नसलेली,
प्रिया

---

कुंभार पिंपळगाव,
दि. ९ डिसेंबर २०२५

चि. प्रियास,

सहा तारखेला विहारात समद्यांसोबत बसले होते, पण ध्यान तुझ्या पत्रात. म्हाताऱ्या माणसानं हात जोडले अन् तू उभी राह्यलीस. मला तुझा राग आला, हे लपवत न्हाई.

मसुदा पाठवू नको. मी तपासणार न्हाई. पत्र लिहून तू सुटशील. तुझं पत्र इतकं सुंदर असंल की त्या माणसाला तुझीच दया येईल. सुंदर लिहिण्यानंच हे झालंय. तोंडानं सांग. अडखळलीस तर अडखळ. राजाचं हसू तुझ्यापाशी बिलकुल सुरक्षित हाय; ते दुसऱ्याच्या खिडकीवर चिकटवून ठेवायची गरज न्हाई.

जाऊन आल्याशिवाय मला पत्र नको.
तुझीच,
मालन आत्या

---

जुना जालना,
दि. २३ डिसेंबर २०२५

ती. मालन आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

जाऊन आले. परवा रविवारी, एकटी.

अप्पाराव इंजिनापाशी होते. मी द्वारकाबाईंनाही बोलावून घेतले आणि सांगितले की ते वाक्य दादाचे नव्हे, माझे. आणि आम्ही फाटकाच्या आत पाऊलही टाकले नव्हते. तुम्ही म्हणालात तशी अडखळले, दोनदा थांबले. अप्पाराव बराच वेळ पान्याने एकच नट फिरवत राहिले. द्वारकाबाईंनी मात्र विचारले की मंग आम्हाला बघितलं कोणी? कोणीच नाही, असे मी म्हणाले. तेवढ्यात फाटकाशी एक कुटुंब आले. द्वारकाबाईंनी केस मोकळे सोडले आणि त्या आत गेल्या. माफ केले असे कोणी म्हणाले नाही, आणि मीही तसे विचारले नाही. निघताना अप्पारावांनी खिडकीवरचा कागद सोलून काढायला घेतला. तो सहजी निघेना, तेव्हा मीही नखांनी खरवडत उभी राहिले.

घरी आल्यावर माझ्या पूर्ण नावाने स्वतंत्र अभिप्राय लिहिला. दोन तारे. धूर, सादळलेले मुरमुरे, कडी नसलेले दार, सगळे लिहिले. आणि भूतबंगल्यात भीती वाटते, हेही.

मग आईने दादाचा फोन माझ्यासमोर ठेवला. माझे बोट पुढे जाईना. तिने एकदा ते वाक्य मोठ्याने वाचून घेतले आणि स्वतःच्या अंगठ्याने पुसले.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. अभिप्राय पुसला की त्याखालची मालकाची उत्तरेही जातात. नवी दारे, रहाटपाळण्याचा रंग, वाट पाहतो, आपला अप्पाराव, पंधराच्या पंधरा एका क्षणात गेली. आम्ही दोघी पांढऱ्या पडद्याकडे पाहत राहिलो. या पंधरा महिन्यांत दादाला बोलावणारा तेवढा एकच माणूस होता, हे तेव्हा लक्षात आले.

बाबांना हायसे वाटले आहे. घर शांत आहे. काल सकाळी आईने फोन चार्जिंगला लावला नाही. दुपारी मी लावला.

पत्र परत पाठवताना लाल शाई वापरा, मला बरे वाटेल.
तुमच्या मायेत राहू इच्छिणारी,
प्रिया