तयार अंगावरची अव्वा

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
अहमदपूर, ४ मार्च २०२४

चि. शिल्पास अप्पाचे अ. आ. वि. वि.

पत्र बघून हसशील. फोन असताना अप्पाला टपाल कुठून आठवलं म्हणशील. फोनवर बोलायचं तर तुझा दादा संगमेश्वर शेजारीच असतो, आणि हे त्याच्यापुढं बोलायची मला लाज वाटते.

तुझ्या अव्वाच्या पुण्यस्मरणाला तू नांदेडहून करून पाठवलेला फोटो बैठकीत लावलाय. येणारा-जाणारा त्याच्यापुढं थबकतो. लक्ष्मम्मा एवढी देखणी होती हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, असं परवा माझी देवणीची मावसबहीण म्हणाली. दादाची लेक अक्षरा रोज त्याला हात जोडून शाळेला जाते. फोटो लई सुरेख झालाय. गोरापान चेहरा, ओठ मिटून हसणं, कपाळावर विभूतीची तीन बोटं पट्टीनं आखल्यासारखी. तुझ्या अव्वानं जन्मात आरशात बघून विभूती लावली न्हाई, पण ते असो.

सांगायचं असं, की ती गेल्यापासून पहाटे स्वप्नात यायची. कधी तूर निवडत बसलेली, कधी माझ्यावर चिडलेली. मला त्यात बरं वाटायचं. फोटो लागला आणि आता फोटोतली बाई येते. दारात उभी राहून मंद हसते. बोलत न्हाई, आत येत न्हाई. मी पाव्हणीला म्हणावं तसं तिला बसा म्हणतो. जागा झालो की डोळे मिटून खरा चेहरा आठवायला बघतो, तर हीच समोर. मी भ्यालोय शिल्पा. बायकोचा चेहरा हरवला असं कुणाला सांगायचं?

काही उपाय असला तर कळव. वेळेवर जेव. लोभ करतेस तसाच करत राहा.

तुझा अप्पा, मल्लिनाथ


नांदेड, ९ मार्च

तीर्थरूप अप्पांस शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, आणि मग थोडी रागावलेही. अव्वाचा एक तरी धड फोटो घरात होता का? कुणी कॅमेरा काढला की हिला दूध उतू चाललंय असं आठवायचं. शेवटी आधार कार्डावरचा घेतला. त्यात ती चौकीत आणून बसवल्यासारखी दिसते. त्याच्यावर मी आठवडाभर खपले. पुढं आलेला दात आत घेतला, डोळ्यांखालचं काळं काढलं, रंग उजळला. आमच्या वजिराबादेतल्या फोटोच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक तेच मागतं, त्यामुळं हात आपोआप तिकडं जातो.

जरा जास्तच उजळला असेल. पण अप्पा, जन्मभर लोक तिला काळी लक्ष्मम्मा म्हणाले. मी तिच्यावर गेले म्हणून मलाही ऐकवलं. वाटलं, एकदा तरी तिला बैठकीत सगळ्यांसमोर मानानं बसवावं. यात माझं काय चुकलं?

आणि स्वप्नातल्या बाईला बसा म्हणता, अव्वाला कधी म्हणाला होतात का? थोडे दिवस जाऊ द्या, सवय होईल. गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावर राग धरू नका, माया तेवढी धरा.

तुमची शिल्पा


अहमदपूर, १८ मार्च

चि. शिल्पास अ. आ. वि. वि.

चिडू नको. तुला दोष द्यायला लिहिलं नव्हतं. अव्वाला कधी बसा म्हणालो न्हाई, हे मात्र तू बरोबर धरलंस.

काल उदगीरला जायला एसटी स्टँडवर गेलो. तिथं एक श्रद्धांजलीचं फ्लेक्स लागलंय, कुण्या अनोळखी बाईचं. उभा जन्म कापड विकण्यात गेला, मला माणसाआधी साडी दिसते. आपल्या बैठकीतल्या फोटोतलीच जांभळी, तोच मोराचा काठ, खांद्यावर तीच घडी. गळ्यात तोच चपलाहार, मांडीवर तेच दोन हात. तुझ्या अव्वाच्या अंगावर दुसऱ्याच बाईचं डोकं. मी बाकावर बसून राहिलो. गाडी निघून गेली.

आज पहाटे अशा लई बाया आल्या. सगळ्या जांभळ्या, सगळ्या गोऱ्या, अंगणात ओळीनं उभ्या, वाऱ्यानं फ्लेक्स हलावं तशा हलून राहिल्या होत्या. मी एकीएकीपुढं जाऊन विचारलं, की तू लक्ष्मम्मा का. सगळ्यांनी एकदमच मान डोलावली. त्यातली आपली कोणती हे मला ओळखता आलं न्हाई.

अक्षराला विचारलं आज्जी कशी होती, तर ती भिंतीकडं बोट करते. तिचं बरोबरच हाय, ती लहान. पण मी तर संसार केला. तिचा काहीच न पुसलेला एखादा फोटो असला तर पाठव, कसाही चालेल. म्हाताऱ्याला हसून घे, पण पाठव.

तुझा अप्पा


नांदेड, २५ मार्च

तीर्थरूप अप्पांस शि. सा. न. वि. वि.

ते अंग अव्वाचं नाही. आमच्या संगणकात बायकांची अशी तयार अंगं असतात, मानेपासून खाली. कुणाची आहेत ते मालकालाही माहीत नाही. फोटो नुसत्या चेहऱ्याचा असला की त्यातलं एक लावून द्यायचं. नांदेड-लातूरकडच्या गेलेल्या कितीतरी बाया त्या जांभळ्या साडीत बसल्या असतील. रोजचं काम, कधी काही वाटलं नव्हतं. तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मात्र हात चालेना.

दादाच्या लग्नाचे, लातूरचे सगळे फोटो धुंडाळले. वरमाई असून ही बाई कुठंच उभी नाही. शेवटी एकात सापडली. पुढं नवरानवरी बसलेत आणि मागं मांडवाच्या कडेला ती पाठमोरी वाकून पत्रावळी उचलतेय, पदर कमरेला खोचून. तेवढाच तुकडा मोठा केलाय. अंधुक आहे. काही पुसलं नाही, काही उजळलं नाही.

चेहरा यात नाहीच, अप्पा. यानं तुमचं भागणार नाही हे मला कळतंय. पण माझ्याकडं खरी अशी एवढीच अव्वा आहे. सांभाळून घ्या, तिला आणि मलाही.

तुमची शिल्पा


अहमदपूर, ३ एप्रिल

चि. शिल्पास अ. आ. वि. वि.

फोटो पोचला. संगमेश्वर म्हणाला, ही कोण, आचाऱ्याची बाई दिसते. एका पायावर भार देऊन वाकायची तिची रीत मी कुठंही ओळखीन. मोठा फोटो उतरवलेला न्हाई. लोकांना आवडतो, अक्षराला लागतो, राहू दे. हा मी माझ्या पूजेच्या जागी ठेवलाय.

आज पहाटे ती आली. पाठमोरी, वाकलेली. मी लांबच उभा राहिलो. हाक मारायची छाती होईना. वळली आणि पुन्हा भिंतीवरचाच चेहरा निघाला तर काय करायचं? लई वेळ तसाच उभा होतो. मग राहवलंच न्हाई, हाक मारली.

ती वळली. चेहरा कसा होता म्हणून विचारशील, तर मला सांगता येणार न्हाई, कारण बघायला तिनं सवडच दिली न्हाई. वळल्या वळल्या मला सुनावलं, की खांबासारखे उभे काय राहिलाव, सरका तिकडं, मला झाडायचं हाय.

मी सरकलो.

बाकी क्षेम. लोभ असू दे.

तुझा अप्पा