खातेधारक कोण?

३ मार्च, सोमवार

“आई, घटस्फोटाचे कायदे वाचताय म्हणे! या वयात? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आता सोडणार कोणाला?”

जावईबापू हे बोलले, स्वतःच हसले, आणि माझ्या बशीतलं बिस्किट उचलून माझ्याच चहात बुडवून खाल्लं.

मी काहीतरी उत्तर दिलं. काय, ते आठवत नाही. कप ओट्यावर ठेवून दिला.

शुक्रवारी स्वयंपाकघरात, खिडकीशी उभी राहून वाचलं होतं मी ते. घरात एकटी. माझा फोन, माझे डोळे, माझा चष्मा. याला कळलं कसं?

लेक घर सोडून गेली त्याला सात महिने झाले. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती त्याने – ज्या हातावर तिचं पोट त्याची! दातांच्या कवळ्या बनवते ती. पोलिसांनी कागद लिहून घेतला आणि “घरातलं घरात मिटवा” म्हणाले. ती कुठे राहते हे जगात फक्त मला ठाऊक आहे. फोनवर बोलत नाही आम्ही. दर गुरुवारी मी जाते, तासभर बसते, परत येते.

आणि हा दर सोमवारी फळं घेऊन येतो. पत्ता एकदाही विचारला नाही. तेच भयंकर आहे. जमिनी मोजण्याची नोकरी आहे त्याची. घाई करत नाही.

४ मार्च, मंगळवार

आठवलं! दोन वर्षांपूर्वी यानेच, “आई, तुम्ही कशाला दुकानात खेपा घालता, सगळ्यांचा एकच फॅमिली प्लॅन करून टाकतो,” म्हणून माझा नंबर आपल्या खात्यात घेतला. मी बायाबायांत मिरवत होते तेव्हा – जावई असावा तर असा!

कंपनीचं खासगीपणाचं धोरण उघडलं. एकेचाळीस पानं इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. सगळी वाचली. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा म्हातारपणी एवढाच उपयोग. पहिलंच वाक्य – आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो. होस्टेलात सिस्टर सुपीरियर अगदी असंच म्हणायची. चाकूने आमची पत्रं उघडता उघडता.

पान सत्तावीस: खातेधारकाला ‘कुटुंब सुरक्षा’ सोय घेता येते. कुटुंबातले लोक कोणत्या साइट बघतात त्याची यादी दर आठवड्याला त्याला जाते. सुरक्षा! कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर कुंपणाचं नाव सुरक्षा!

एकतीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली मी. दोन गावं जोडून द्यायची, “बोला” म्हणायचं आणि कान काढून घ्यायचा. लोकांची लग्नं मोडली, माणसं मेली, या दोन हातांच्या मधून गेलं सगळं. मी ऐकलं नाही. एक शब्दही ऐकला नाही. आणि आज माझ्या खिडकीतलं वाचन हा बिस्किटाबरोबर खातो.

५ मार्च, बुधवार

कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या बाईकडे गेले. चाळिशीची असेल. डोळ्याला भिंग, तोंडात स्क्रू.

“काकू, व्हीपीएन टाकून देते.”

“म्हणजे काय ते मराठीत सांग.”

“बोगदा. तुमची गाडी घरातून निघते ती थेट बोगद्यात शिरते. कंपनीला एवढंच कळतं की गाडी बोगद्यात गेली. पलीकडे कुठे बाहेर पडली, आत कोण बसलंय – काही नाही.”

“आणि बोगदा ज्याचा आहे, त्याला?”

तिने भिंग वर केलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “त्याला दिसू शकतं. म्हणून फुकटवाला घ्यायचा नाही. काकू, भरवसा कुठेतरी ठेवावाच लागतो. एकाकडून काढायचा, दुसऱ्याकडे ठेवायचा. एवढंच.”

साधा फोन आणि साधे मेसेज बोगद्यातून जात नाहीत, म्हणाली, ते कंपनीला दिसतातच. लक्षात ठेवलं. बटण हिरवं झालं की बोगदा सुरू. दिवसभर हिरवं बघत बसले.

६ मार्च, गुरुवार

लेकीकडे जाऊन आले. तिला बोगद्याचं सांगितलं. “आई, तू आता हेर झालीस,” म्हणाली. किती दिवसांनी हसली!

१० मार्च, सोमवार

आला. फळं धुऊन पुसून ठेवली. मग सहज –

“आई, नेट बंद आहे का तुमचं? काहीच दिसत नाही.”

“चालू आहे की! तुमच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.”

काय सुख झालं म्हणून सांगू! चेहरा असा उतरला बापूंचा! जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आज ग्रहाला ग्रहण लावलं मी.

१३ मार्च, गुरुवार

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली कवळ्यांची कार्यशाळा. खिडकीच्या फळीवर सहा जबडे वाळत ठेवलेले. बोटं आता बरीच वळतात. करंगळी वळत नाही. मी बघितलं की ती हात मांडीखाली घेते.

“खिडकीचा पडदा लावत जा.”

“आई, दात बसवायला उजेड लागतो गं.”

१७ मार्च, सोमवार

लिहवत नाही. पण लिहिते.

संत्रं सोलत होता. सालाची एक सलग पट्टी काढतो तो, न तोडता. म्हणाला –

“आई, गुरुवारी नदीपलीकडे काय असतं?”

आणि माझ्या तोंडातून निघालं, “दाताचा डॉक्टर.”

दाताचा! जगात इतकी दुखणी आहेत! गुडघा आहे, डोळे आहेत, पित्त आहे! पण लेकीचाच विचार डोक्यात होता, तोच बाहेर पडला.

“दात,” तो म्हणाला. नुसतं तेवढंच. संत्र्याची फोड माझ्या हातात दिली. “जपा हं, आई.”

१८ मार्च, मंगळवार

दुरुस्तीवालीकडे. बटण तर हिरवंच होतं! मग कसं?

तिने स्क्रू तोंडातून काढला. “काकू, आतलं दिसत नाही म्हटलं मी. बोगद्याचं तोंड कुठे आहे ते दिसणारच ना. तुमचा फोन जाईल तिथल्या टॉवरशी बोलतो. नाही बोलला तर फोन कसला तो? तुम्ही कुठे आहात ते मोबाइल कंपनीपासून व्हीपीएन लपवू शकत नाही.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही वाचण्याचं विचारलंत. जाण्याचं नाही विचारलंत.”

खरं आहे. तिचा दोष नाही.

मग कंपनीच्या दुकानात. चकचकीत काउंटर, टोकन, मागे पोस्टरवर हसणारी आजी.

“खातेधारक कोण, मॅडम?”

“फोन माझा आहे.”

“हो, पण खातेधारक?”

“नंबर अठरा वर्षं माझा आहे. त्याच्यावर बोलते मी. हे तोंड माझं आहे!”

“खातेधारकाला घेऊन या ना.”

मी हलले नाही. मागची रांग कुरकुरली. शेवटी त्या मुलीने आवाज खाली आणला. “मी सांगितलं म्हणू नका. लोकेशनची सोय अकरा मार्चला सुरू झालीय. घर नाही दिसत, तेवढा भाग दिसतो. गोल येतो नकाशावर.”

अकरा मार्च. मी जीभ चालवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याला मीच सांगितलं, ही वाट बंद झाली, दुसरी शोधा. जिभेला हाड नाही माझ्या, आणि किंमत लेकीने द्यायची.

आणखी एक. एकतीस वर्षं ऐकलं नाही म्हणून ताठ मानेने फिरले. पण प्रत्येक कॉलचं तिकीट लिहीत होतोच की आम्ही! कुठून, कुठे, किती मिनिटं. एका वकिलाच्या घरून रोज दुपारी एकाच नंबरला अकरा मिनिटं – बायको माहेरी गेली की चाळीस. सगळं एक्स्चेंज जाणत होतं. कोणी एक अक्षर ऐकलं नव्हतं. ऐकावं लागतच नाही. तिकीट पुरतं.

२० मार्च, गुरुवार

गेले नाही. साधा फोन नाही, नेटवरून, बोगद्यातून लेकीला फोन केला, सगळं सांगितलं. दाताचंही.

“आई, सात महिन्यांतलं तिसरं घर आहे हे.”

“माहीत आहे गं.”

“इकडे कवळ्यांच्या कार्यशाळा चारच आहेत.”

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या गावी जाईल. काम मिळालंय, खोलीही. सामान बांधायला एका हाताने जमत नाही, मला जायला हवं. पण फोन घेऊन गेले तर तो मागे येणार. घरी ठेवला तर नकाशावर गोल हलणार नाही, आणि मोजणीवाला लगेच ओळखेल की म्हातारी फोन टाकून गेली. दुरुस्तीवाली म्हणाली, “फोन हिंडता राहायला हवा, काकू. उलट्या दिशेला.”

हिंडवणार कोण?

२४ मार्च, सोमवार

तो आला नाही. विहीणबाई आल्या!

सात महिन्यांत फिरकल्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल मी या वहीत काय काय लिहिलंय – मिठाची बाहुली, होयबा, भिंतीवरची पाल. मुलगा बोलला की मान हलवायची, एवढंच काम. दारातच म्हणाल्या, “चहा नको. अर्ध्या तासात परत जायचंय.”

बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

“नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय त्याने. कंपासने वर्तुळ काढलंय. आत चार खुणा. दोन खोडल्या.”

मी उठून दार लावून घेतलं.

“तुमचा फोन मला द्या गुरुवारी. मी घेऊन फिरते.”

“तुम्ही? त्याची आई?”

“म्हणूनच. माझ्यावर नजर ठेवायला हवी असं त्याला वाटतच नाही. पाटावरवंट्यावर कोणी नजर ठेवतं का?”

मला राहवलं नाही. “आणि त्या दिवशी कुठे होतात, विहीणबाई? माझ्या मुलीची बोटं मोडत होती तेव्हा?”

त्यांनी मान खाली घातली नाही. हेच लक्षात राहिलंय.

“स्वयंपाकघरात. नळ मोठा सोडून ठेवला होता. ऐकू येऊ नये म्हणून. त्याच्या वडिलांच्या वेळी माझी सासू सोडायची.”

घराबाहेर काढावं वाटलं. पाणी प्यायला दिलं.

२५ मार्च, मंगळवार

विश्वास ठेवायचा? कोणावर? मांजराच्या आईवर, ती उंदीर राखीन म्हणते म्हणून! त्यानेच पाठवलं असेल तर? त्या बाईने आयुष्यात एकदाही “नाही” म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पण दोन खुणा खोडल्यात. दोनच उरल्यात.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी साडेआठला बागेच्या फाटकाशी फोन त्यांच्या हातात दिला. द्यायला हात होईना. “सोडा,” म्हणाल्या, “मी पळून जात नाही.”

अठरा वर्षांत पहिल्यांदा फोनशिवाय बसमध्ये बसले. सारखी पर्स चाचपत होते.

आठ खोकी, एक गादी, तिचा कामाचा वाकत्या मानेचा दिवा. जबडे मी माझ्या शालीत गुंडाळले. दोन वाजता टेम्पो निघाला. टेम्पोवाल्याने विचारलं, “आजी, दात कोणाचे?” लेक म्हणाली, “तुमचे पडले की सांगा.” तीच ही, माझी मुलगी! परत आली!

मी नवी खोली बघून पाचला परत. फाटकाशी विहीणबाई. मोठ्या हॉस्पिटलात बसल्या होत्या दिवसभर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. “तो आला होता. बाहेर मोटरसायकलवर बसून होता तीन तास. सासू आजारी आहे असं वाटलं असेल त्याला. मी दुसऱ्या दाराने निघाले.” फोन परत दिला. रुमालात गुंडाळला होता.

आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, “नीट जा.”

३१ मार्च, सोमवार

आला नाही. फळं नाहीत. फोन नाही. निजलेल्या कुत्र्याला उठवू नये, पण हा निजलाय कशावरून?

३ एप्रिल, गुरुवार

लेकीकडे निघालेय, बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. ठरल्याप्रमाणे फोन घ्यायला विहीणबाई फाटकाशी होत्या. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात कपड्यांची पिशवी. त्या गुरुवारी हॉस्पिटलच्या दुसऱ्या दाराशीही तो येऊन उभा होता, त्यांना निघताना बघितलं त्याने. “पत्ता विचारत होता. मला ठाऊकच नव्हता. ठाऊक असता तर कदाचित सांगितला असता, खोटं कशाला बोलू?” माझा फोन त्यांनी मागितला, स्वतःचाही काढला, आणि दोन्ही बंद करून फाटकाजवळच्या नाल्यात टाकले. बस सुटल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “आता पत्ता सांगा मला. मी परत जाणार नाहीये.”