उजवीकडचा दाणा

मढ, ३ नोव्हेंबर १९९७

ती. गं. भा. ठकूआत्या यांस, वृषालीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, पण आज खोटं लिहवत नाही. दादांच्या जिभेवरची जखम दिवाळी गेली तरी भरलेली नाही. जुन्नरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की याच आठवड्यात पुण्याला न्या, जिभेचा थोडा भाग काढावा लागेल, पण माणूस वाचेल. दादा म्हणतात, आधी भाताची कापणी, मग झोडणी, मग बघू.

आत्या, घरातली पहिली बी.ए. म्हणून गावाचे कागद माझ्याकडे वाचायला येतात. पण दादांसमोर ‘उद्या निघायचं’ एवढं म्हणायला तोंड उघडत नाही. म्हणून एक युक्ती केलीय. भैरोबाला कौल लावू, असं मीच सुचवलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओले तांदूळ लावायचे, उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नको. चिमाजी गुरवाचे हात कापतात, तेव्हा दाणे मीच लावणार आहे. देव हो म्हणेलच. कसं, ते विचारू नका.

माया आहे तशी राहू द्या.
तुमची वृषाली

---

पारगाव, ९ नोव्हेंबर

चि. वृषाली हिस ठकूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

माझं चौथीचं अक्षर, सांभाळून वाच. अगं बी.ए. बाई, बापाला सांगायचं ते देवाच्या तोंडून का वदवतीस? चातुर्मासात मी पोथी वाचते, त्यात काय हाय? अर्जुन हातपाय गाळून बसला. देवानं त्याला समदं समजावलं आन शेवटाला म्हणला, ऐकलंस न्हवं, आता नीट इचार कर आन तुला वाटंल तसं कर. देवानं रथ हाकला, बाण न्हाई मारला. तो ज्याचा त्यानंच मारायचा आस्तो. आतून एकदा कळलं की मग पुन्यांदा विचारणं म्हंजी भ्यालेपणा.

तुझा बाप सोपाना ल्हानपणापास्नं भित्रा. विहिरीत उतरायचा न्हाई, मी ढकलला तवा पवायला शिकला. हिकडं ऊसतोड सुरू झाली. माझ्या डाव्या बगलेत करडईच्या दाण्याएवढी गाठ आलीय, दुखत न्हाई, तवा तिचं कवतिक नको.

पोरी, आत्याला इसरू नको.
ठकूबाई

---

मढ, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तुमचं पत्र कौलानंतर मिळालं. उजवा दाणा मी जेमतेम ओला केला होता आणि डावा चांगला दाबून बसवला होता. तरी डावाच पडला. उजवा शेंदराच्या तेलाला धरून राहिला. चिमाजीबाबा म्हणाले, देव नको म्हणतोय. दादा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आता होळीनंतर बघू म्हणतात.

कौल खोटा होता हे कसं सांगू? देवाला फसवायला गेले आणि मीच अडकले.

रागावलात तरी चालेल, पण लिहा.
वृषाली

---

पारगाव, २४ नोव्हेंबर (कार्ड)

चि. वृषालीस आशीर्वाद. कार्ड मिळताच सोपानाला गाडीत बसव. भैरोबा रागावला तर त्याला माझं नाव सांग. आत्या.

---

मढ, १९ एप्रिल १९९८

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

दादांच्या तेराव्याला तुम्ही आलात, पण बायकांच्या गर्दीत बोलता आलं नाही. ते आज लिहिते.

तुमचं कार्ड मी दादांना वाचून दाखवलं होतं. गाडीत बसवायची ओळ तेवढी गाळली. दुखणं वाढलं म्हणून होळीआधीच, फेब्रुवारीत गेलो, तेव्हा पुण्याचे डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबरात यायला हवं होतं.

शेवटी त्यांचं बोलणं बंद झालं. माझी शाळेतली पाटी माळ्यावर होती, ती काढून दिली. मला बाराखडी शिकवता शिकवता ते स्वतःही शिकले होते, तुम्हाला माहीत आहे. पूर्वी जपून जपून अक्षरं काढायचे, तशीच हळूहळू काढून त्यांनी लिहिलं: दाणा तू ढिला लावलास ते मी बघितलं. तुझ्या मनात काय आहे ते तेव्हाच कळलं. मला भ्या वाटत होतं. कुणी हात धरून नेलं असतं तर आलो असतो. तू म्हणशील म्हणून वाट बघत होतो.

मी रडायला लागले तसं त्यांनी ते हाताने पुसलं आणि लिहिलं, जेवलीस का?

आत्या, तेव्हा उजवा दाणा पडला असता तरी तो माझा शब्द नव्हता. एवढं शिकून मला एक वाक्य बोलता आलं नाही.

या अभागी भाचीवरची माया काढून घेऊ नका.
वृषाली

---

पारगाव, १२ मे

चि. वृषाली हिस आशीर्वाद.

पाटी पुसली त्यानं, तूबी पूस. त्यानंबी आपल्या तोंडानं म्हणायचं व्हतं, तो काय कुक्कुलं बाळ न्हवता. मी कार्ड टाकण्यापरीस गाडीत बसून का आले न्हाई, हे मी मला रोज विचारते. समद्यांनी दुसऱ्याची वाट बघितली बघ.

माझं बरं हाय. ती गाठ आता बोराएवढी झालीय, रातीला हात ठणकतो. कुशाबाला सांगितलं. लेक हाय, पर तो म्हणला, पेरण्या उरकल्या की दाखवू. मीबी हो म्हणले. न्हाईतर तुझ्या भैरोबाला कौल लावू, तुला लावता येतो चांगला! थट्टा केली गं, डोळे पूस.

लेकी, जीव लाव आसाच.
आत्या

---

मढ, १८ मे

ती. आत्यास वृषालीचा साष्टांग नमस्कार.

शुक्रवारी पहिल्या एसटीने निघून, मंचरला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचते. दोन लुगडी आणि रेशनकार्ड पिशवीत बांधून ठेवा. शनिवारी आपण दोघी पुण्याला जायचं. कुशाबादादाला मी त्याच्या तोंडावर सांगेन. पेरण्या त्याच्या तो करेल.

हे पत्र विचारायला लिहिलेलं नाही. वाटेत तुमचा हात मी धरणार आहे, तेवढा सोडवून घेऊ नका.

तुमची वृषाली